पुसान, बुसान आणि तीन दिवस

अम्मीच्या पत्र्याच्या पेटीत अब्बांचं एक पत्र होतं, १९७९ सालचं. अब्बा मालवाहू जहाजावर खलाशी होते. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांतून पिढ्यान् पिढ्या माणसं जहाजावर जात आली आहेत. त्यामुळे जगाचा भूगोल आम्ही पोरं शाळेत जाण्याआधीच पाकिटांवरच्या तिकिटांवरून शिकलो होतो. त्या पत्रात अब्बांनी लिहिलं होतं, ‘पुसान बंदरात दोन दिवस उभे आहोत. रात्री आलो तेव्हा वाटले, समोर वीस-वीस मजली इमारती आहेत, इतके दिवे एकावर एक. सकाळी पाहिले तर डोंगर, आणि डोंगरावर लहान लहान घरे. उतरायला मिळाले नाही. पुन्हा कधी आलो तर गाव बघीन.’

पुन्हा कधी ते तिकडे गेले नाहीत. पण गावच्या ओट्यावर बसून ते त्या दिव्यांची गोष्ट सांगायचे. मुंबई, एडन, हॅम्बर्ग सगळं पाहिलेल्या माणसाच्या मनात ते न पाहिलेलं गाव राहून गेलं होतं. अब्बा गेले. आणि २०२३ साली, माझी मुलगी सोलला शिकायला असताना, मी आणि बायको तिला भेटायला निघालो, तेव्हा अम्मी मला एवढंच म्हणाली, ‘पुसान बघून ये रे.’

नकाशा उघडला, तर पुसान नावाचं गावच सापडेना! मुलगी फोनवर हसली. म्हणाली, ‘बाबा, ते बुसान.’ कोरियन सरकारनं २००० साली रोमन लिपीत नावं लिहिण्याची पद्धत बदलली, तेव्हा इंग्रजीतलं ‘पुसान’ जाऊन ‘बुसान’ आलं. कोरियन उच्चार मात्र होता तसाच आहे. त्या शब्दातला पहिला वर्ण आपल्या ‘प’ आणि ‘ब’ यांच्या मधला आहे. म्हणजे अब्बांनी ऐकलेलं बरोबर होतं आणि मुलगी म्हणते तेही बरोबर आहे. नावाचा अर्थ चिनी अक्षरांनुसार हंड्याचा किंवा काहिलीचा डोंगर. नावातच डोंगर आहे, ही गोष्ट मी तेव्हा वाचली आणि सोडून दिली. ती पुढे महागात पडली. ते सांगतोच.

सोलमधले दिवस वजा जाता बुसानसाठी आमच्या हातात होत्या तीन रात्री. गुरुवारी संध्याकाळी पोचायचं आणि रविवारी संध्याकाळी परत फिरायचं. मुलीनं यादी पाठवली. तिच्यात अठरा ठिकाणं होती! समुद्रकिनारे चार, देवळं दोन, बाजार तीन, केबल कार, कडा, दीपगृह, शिवाय शेजारचं ग्योंग्जू हे प्राचीन राजधानीचं गाव. बायको यादी वाचून म्हणाली, ‘अहो, हे बघायला जायचंय की हजेरी लावायला?’

आजकाल आपल्याकडच्या पुष्कळ घरांतली वडीलधारी माणसं मुलांच्या निमित्तानं परदेशी जातात. पैसे जपून, गुडघे सांभाळून, थोड्या दिवसांसाठी. म्हणून आम्ही हा बेत कसा आखला, कुठे चुकलो आणि काय सोडलं, ते जरा सविस्तर सांगावंसं वाटतं.

पहिली गोष्ट, शहराचा आकार समजून घेणं. बुसान हे दक्षिण कोरियातलं सोलच्या खालोखालचं मोठं शहर. वस्ती तेहतीस लाखांच्या आसपास. देशाच्या आग्नेय टोकाला, समुद्राच्या काठानं ते लांबच लांब पसरलं आहे, आणि मधेमधे डोंगर घुसल्यामुळे त्याचे तुकडे पडले आहेत. आपल्या मुंबईसारखंच, फक्त मुंबईच्या डोंगरांना आपण सपाट केलं, त्यांनी केलं नाही. नैर्ऋत्येला जुनं बंदर, बुसान स्टेशन, मासळीबाजार. पूर्वेला हेउंदे आणि क्वांगाल्ली हे प्रसिद्ध किनारे आणि काचेच्या उंच इमारती. उत्तरेला डोंगर आणि बॉमॉसा हे जुनं बौद्ध मंदिर. एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायला मेट्रोनं तास सहज लागतो. सकाळी पूर्वेला, दुपारी पश्चिमेला, पुन्हा रात्री पूर्वेला असा बेत केला की अर्धा दिवस जमिनीखाली जातो. तेव्हा एका दिवशी एकच बाजू, हा आमचा पहिला नियम ठरला.

दुसरी गोष्ट, काय सोडायचं. अठरातली पाच-सहा ठेवायची, तर कुठली? सगळीच सुंदर असतात, प्रत्येकाची छायाचित्रं असतात. निवडायला काहीतरी कसोटी हवी. इथे मला अब्बांचं पत्र उपयोगी पडलं. मी स्वतःला विचारलं, त्या डोंगरावर एकावर एक घरं कुणी बांधली? आणि का? तुमचा प्रश्न वेगळा असेल. कुणाला मासे पाहायचे असतील, कुणाला सिनेमा. १९९६पासून बुसानचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, त्यासाठीही लोक येतात. पण एक प्रश्न घेऊन गेलं, की शहर आपल्याशी बोलू लागतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर १९५०च्या उन्हाळ्यात होतं. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाचं सैन्य दक्षिणेत घुसलं. दोन महिन्यांत जवळजवळ सगळा देश गेला. उरला तो आग्नेयेचा एक कोपरा, आणि त्यात हे बंदर. सरकार इथे आलं. मधला थोडा काळ सोडला तर १९५३च्या ऑगस्टपर्यंत बुसान हीच देशाची तात्पुरती राजधानी होती. आणि सरकारामागून माणसं आली. पायी, आगगाडीच्या टपावरून, बोटींतून. पाच लाखांच्या आतबाहेरचं शहर पाचेक वर्षांत दहा लाखांच्या वर गेलं. सपाट जमीन बंदराला आणि लष्कराला लागत होती. मग निर्वासितांनी काय करावं? ते डोंगर चढले. फळ्या, पत्रे, पुठ्ठे, जे मिळेल त्याची घरं उभी केली. अब्बांनी पाहिलेले दिवे त्या घरांचे, त्यांच्या पोराबाळांच्या घरांचे होते.

एवढं कळल्यावर यादी आपोआप गळू लागली. केबल कार गेली, ग्योंग्जू गेलं, समुद्रकाठचं योंगगुंग्सा मंदिर गेलं. एक गोष्ट मात्र सोडताना मला आणि बायकोला दोघांनाही वाईट वाटलं. बुसानच्या शेजारी गिम्हे नावाचं गाव आहे. बुसानचा विमानतळ त्याच्याच नावाचा. ‘सामगुक युसा’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात कथा आहे, की इसवी सन ४८मध्ये ‘आयुता’ देशाची राजकन्या समुद्रमार्गे इथे आली आणि तिनं सुरो राजाशी लग्न केलं. आयुता म्हणजे अयोध्या असं पुष्कळ लोक मानतात, आणि अयोध्येत २००१पासून तिचं स्मारकही आहे. इतिहास की दंतकथा, तो वाद जाणकारांचा. तिची समाधी गिम्हेत आहे, हलक्या रेल्वेनं बुसानहून जाता येतं. पण अर्धा दिवस हवा. तो नव्हता. ‘पुढच्या वेळी,’ मी म्हणालो. बायको म्हणाली, ‘तुमच्या अब्बांनीपण हेच लिहिलं होतं.’ मी गप्प बसलो. पण खरं सांगतो, काहीतरी मनाला लागेल असं सोडल्याशिवाय थोड्या दिवसांचा बेत बसत नाही. न लागणाऱ्या गोष्टी सोडणं सोपं असतं, त्यानं वेळ वाचत नाही.

आता व्यवहाराच्या गोष्टी. भारतीय पासपोर्टवर कोरियाला आधी व्हिसा काढावा लागतो. त्याला हाताशी वेळ ठेवा. हवा म्हणाल, तर एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे महिने उत्तम. जूनच्या अखेरीपासून तिकडचा पाऊस, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात वादळांची भीती असते. शरदातला ‘चुसॉक’ हा त्यांचा मोठा सण. त्या दिवसांत सगळा देश आपापल्या गावी जातो, जसे आपले कोकणी चाकरमानी गणपतीला. गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, दुकानं बंद. सण दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, तेव्हा तिकीट काढण्याआधी ती तारीख पाहावी. आम्ही ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेलो.

सोल ते बुसान केटीएक्स ही वेगवान गाडी अडीच-तीन तासांत नेते. शनिवार-रविवारच्या गाड्या भरतात, म्हणून परतीचं तिकीट जातानाच काढलेलं बरं. ही गाडी बुसान स्टेशनला, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध, बंदराच्या दाराशी सोडते. सोलमध्ये घेतलेलं टी-मनी कार्ड बुसानच्या मेट्रोत आणि बसमध्येही चालतं. फक्त त्यात पैसे भरत राहायचे. रस्ता शोधायला तिकडची माणसं नेव्हर किंवा काकाओ यांचे नकाशे वापरतात. ते इंग्रजीतही उघडतात. घरूनच फोनवर घेऊन ठेवावेत.

आणि शक्य असेल तर जाण्याआधी चार-पाच संध्याकाळी काढून त्यांची अक्षरं शिकावीत. ही लिपी पंधराव्या शतकात सेजोंग राजानं करवली, साध्या माणसाला वाचता यावं म्हणून. स्वर आणि व्यंजनं जोडून एकेक अक्षराचा चौकोन बनतो. काना-मात्रा लावायची सवय असलेल्या आपल्याला ती अवघड जात नाही. अर्थ कळत नाही, पण स्टेशनचं नाव वाचता येतं, आणि परक्या गावात पाटी वाचता आली की माणसाची छाती जरा पुढे येते.

आता माझी चूक. राहायची जागा मी शोधली. बुसान स्टेशनच्या मागे छोऱ्यांग नावाचा भाग आहे, तिथलं एक छोटंसं घर. नकाशावर स्टेशनपासून अंतर जेमतेम सहाशे-सातशे मीटर. मला वाटलं, वा! गुरुवारी संध्याकाळी उतरलो, दोन बॅगा ओढत निघालो. पाचव्या मिनिटाला समोर जिना उभा. जिना कसला, कडाच! एकशे अडुसष्ट पायऱ्या. तिथे ती जागा त्याच आकड्यानं ओळखली जाते. नकाशात अंतर दिसतं, चढ दिसत नाही. शहराच्या नावात डोंगर आहे हे वाचूनही मी शिकलो नव्हतो. बायकोचे गुडघे, दोन बॅगा आणि मी. एक आजीबाई भाजीची पिशवी घेऊन आमच्या बाजूनं सावकाश वर गेल्या, वळून एकदा पाहिलं, आणि हातानं खूण केली, बसा, दम घ्या.

बसलो. दम घेतला आणि मागे वळलो. खाली सगळं जुनं बंदर होतं. पाण्यावर दिवे, पुलावर दिवे. आता मोठी मालवाहू जहाजं बहुतेक करून पश्चिमेच्या नव्या बंदरात जातात. ते २००६मध्ये सुरू झालं. जुन्या धक्क्यांच्या जागी बागा आणि मोकळे रस्ते होताहेत. पण पाणी तेच. कुठे तरी तिथेच अब्बांचं जहाज उभं होतं, आणि ते या पायऱ्यांकडे बघत होते. बायकोनं विचारलं, ‘दुखतंय का छातीत?’ मी म्हणालो, ‘नाही.’

दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंनी आम्हाला युक्ती सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. डोंगराच्या कमरेवरून एक रस्ता जातो, त्यावरून बस आणि टॅक्सी येतात. म्हणजे वर चढायचं ते चाकांवर आणि खाली उतरायचं ते पायांनी. हा नियम आधी कळला असता तर गुरुवारची संध्याकाळ वाचली असती. पण मग ते बंदर तसं दिसलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

शुक्रवार उत्तरेचा. मेट्रोची पहिली मार्गिका धरून बॉमॉसा स्टेशन, तिथून ९० क्रमांकाच्या बसनं डोंगरावरच्या मंदिरात. हे मंदिर सातव्या शतकात, ६७८मध्ये स्थापन झालं. सकाळच्या वेळी झाडांची पानं नुकती लाल होऊ लागली होती, आणि कुणीतरी अंगण झाडत होतं. तिथून मेट्रोनं दोन स्टेशनं मागे आलं की दुशिल. तिथे बुसानची अल-फतह मशीद आहे, १९८०पासूनची. शुक्रवार हा वार मी मुद्दाम उत्तरेसाठी ठेवला होता, एकाच फेरीत दोन्ही व्हावं म्हणून. इंडोनेशिया, बांगलादेश, उझबेकिस्तान, सगळीकडची माणसं शेजारी उभी होती. बरीचशी कामगार, काही विद्यार्थी, एकदोन जहाजावरचे. नमाजानंतर एका खलाशानं विचारलं, ‘किती दिवस?’ म्हटलं, ‘तीन.’ तो म्हणाला, ‘मला फक्त आजची दुपार.’ त्याच्याकडे पाहून तीन दिवस एकदम खूप वाटायला लागले.

इथे जेवणाचं बोलून घेतो, कारण शाकाहारी वाचकांनाही ते लागू आहे. बुसानचं नाव जेवणात निघतं ते डुकराच्या मांसाच्या रश्शातल्या भातासाठी. ते आम्हाला वर्ज्य. दुसरा प्रसिद्ध पदार्थ ‘मिलम्यॉन’, थंड शेवया. उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांना आपल्या गावच्या कुट्टूच्या शेवया हव्या होत्या, पण कुट्टू मिळेना; मिळत होता मदतीत आलेला गहू. मग त्यांनी गव्हाच्या केल्या. गोष्ट ऐकून खाव्याशा वाटल्या, पण त्यांचं पाणी हाडांचं असतं. किमचीतही बहुधा मासळीचा रस असतो, म्हणून कडक शाकाहारींनी विचारूनच खावं. आम्ही ‘हे खात नाही’ अशी कोरियन भाषेतली चिठ्ठी मुलीकडून लिहून घेतली होती. ती दाखवली की कुणी रागावत नसे. भाज्या घातलेला ‘बिबिमबाप’ हा भात मांस वगळून मागता येतो. मशिदीच्या आसपास आपल्याला चालेल असं जेवण मिळतं. आणि पिशवीत चिवडा, लसणाची चटणी असावी. भुकेल्या पोटी कुठलंही शहर सुंदर दिसत नाही.

शुक्रवारी दुपारी आम्ही सॉम्यॉनला गाडी बदलून देयॉन स्टेशनला उतरलो आणि चालत संयुक्त राष्ट्रांच्या स्मृती-दफनभूमीत गेलो. हिवाळी वेळापत्रकात ती पाचला बंद होते, म्हणून निघताना घड्याळ पाहावं. १९५१मध्ये ती झाली. निरनिराळ्या देशांचे सुमारे तेवीसशे सैनिक तिथे पुरले आहेत. गवत कापलेलं, गुलाबाची झुडपं, आणि ओळींत लहान लहान फलक. ब्रिटिशांच्या खालोखाल जास्त कबरी तुर्कांच्या आहेत, ४६२. त्यांच्यावरची नावं मला कुणी वाचून दाखवावी लागली नाहीत; आमच्या गावच्या मोहल्ल्यातलीच नावं ती. वयं वीस, बावीस. मी फातिहा म्हटला. बायको म्हणाली, ‘यांच्या आयांना हे बघायला मिळालं असेल का?’

त्या युद्धात भारतानं लढायला सैन्य पाठवलं नाही, डॉक्टर पाठवले. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखालचं साठावं पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे पथक नोव्हेंबर १९५०मध्ये याच बंदरात उतरलं. आणि युद्धबंदी झाल्यावर, मायदेशी परतायला तयार नसलेल्या कैद्यांना सांभाळायला जी भारतीय तुकडी १९५३मध्ये कोरियात गेली, तिचे प्रमुख होते मराठी सेनापती शंकरराव थोरात. ती तुकडी होती तिकडे उत्तरेला, दोन्ही सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात. पण या मातीचं आपल्याशी नातं आहे, एवढं त्या संध्याकाळी आठवलं.

शनिवार अब्बांच्या प्रश्नाचा. तो आम्ही मुद्दाम शनिवारीच ठेवला, त्याचं कारण एक पूल. यॉंगदो बेटाकडे जाणारा हा पूल १९३४चा. खालून बोटी जाव्यात म्हणून त्याचा एक भाग वर उचलला जायचा. युद्धात घरं सोडताना लोकांनी एकमेकांना सांगितलं होतं, चुकामूक झाली तर बुसानला यॉंगदो पुलावर भेटू. बुसानमधलं बाकी काही कुणाला ठाऊक नव्हतं, पूल ठाऊक होता. मग तिथे रोज माणसं उभी राहायची, येणाऱ्या चेहऱ्यांकडे बघत. १९६६मध्ये पूल उचलणं थांबलं, २०१३पासून पुन्हा सुरू झालं. आधी ते रोज असे, महासाथीनंतर शनिवारी दुपारी दोनला असा क्रम झाला. देखभालीसाठी मधूनच बंदही असतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी. हाच तो बेताचा खिळा. एक खिळा पक्का ठोकला, की बाकीचा दिवस त्याला टांगता येतो.

सकाळी तोसॉंग स्टेशनला उतरलो आणि तिथून लहान गावठी बसनं वर. आधी आमी-दोंग. इथे जपानी राजवटीतली जपान्यांची दफनभूमी होती. १९४५मध्ये जपानी गेले, कबरी मागे राहिल्या. निर्वासितांना दुसरी जागा मिळेना, तेव्हा त्यांनी कबरींवरच घरं बांधली. थडग्याचे दगड पायऱ्यांना, भिंतीच्या पायाला लावले. अजूनही घराच्या कोपऱ्यात, गॅसच्या सिलिंडरखाली असा एखादा दगड दिसतो, त्यावर कोरलेली अक्षरं. वाचून होतो, तरी पाहिल्यावर बोलवेना. मेलेल्यांचा अनादर करावा असं कुणाच्या मनात नव्हतं. डोक्यावर पाऊस होता आणि पदरात मूल होतं.

तिथून जवळच गामचॉन. रंगीत घरांचं हे गाव हल्ली फार प्रसिद्ध झालं आहे. पोरं छायाचित्रं काढायला रांगा लावतात. हीही १९५०च्या दशकातली गरीब वस्ती. २००९पासून कलावंत आणि रहिवासी यांनी मिळून तिला रंगरूप दिलं. पण रंगापेक्षा रचना पाहावी. घरं अशी बसवली आहेत की पुढच्यानं मागच्याचा उजेड अडू नये. अब्बांना जो एकावर एक दिव्यांचा मजला दिसला, त्याचं कारण तेच असावं. कुणी कुणाच्या आड आलं नव्हतं. आणि एक विनंती. तिथे माणसं राहतात. दारात वाळत घातलेले कपडे असतात, आत कुणी आजारी असतं. आवाज हळू ठेवावा, खिडकीत कॅमेरा घालू नये.

तिथून उतरताना तोसॉंगजवळच तात्पुरत्या राजधानीचं स्मारक-संग्रहालय आहे, त्या काळी राष्ट्राध्यक्ष राहत ते घर. आमी-दोंगची वस्ती, ते घर, कालची दफनभूमी, अशी युद्धकाळातली नऊ ठिकाणं मिळून २०२३मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत नोंदली गेली. म्हणजे माझा खासगी प्रश्न तितकासा खासगी नव्हता.

दोन वाजता पुलाखाली उभे राहिलो. भोंगा वाजला, गाड्या थांबल्या, आणि रस्त्याचा तुकडा, त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांसकट, हळूहळू आकाशाकडे गेला. पंधरा मिनिटांचा खेळ. पोरं टाळ्या वाजवत होती. शेजारी एक फार म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे होते. त्यांच्याशी बोलायला माझ्याकडे भाषा नव्हती. पूल खाली आला, त्यांनी टोपी घातली आणि ते गर्दीत गेले.

जागालचीचा मासळीबाजार तिथून दहा मिनिटांवर. बाजाराच्या इमारतीला महिन्यात ठरावीक सुट्ट्या असतात, त्या पाहून घ्याव्यात. मासे विकणाऱ्या बहुतेक बायका. गमबूट, रबरी एप्रन, आणि आवाज असा, की मला आमच्या मिरकरवाड्याच्या जेटीवर आल्यासारखं झालं. मासा घेऊन भाजून मिळतो. आम्ही बांगड्याचा भाऊबंद घेतला, ‘गोदुंगओ’. हा बुसान शहराचा अधिकृत मासा आहे. नुसतं मीठ लावून भाजला होता. बायकोनं पिशवीतून लसणाची चटणी काढली. विकणाऱ्या बाईंनी बोटानं चाखली, डोळे मोठे केले, आणि आणखी अर्धा मासा आमच्या ताटात टाकला.

रविवार मुलीचा. तो आम्ही तिच्या हाती दिला, कारण बेत करणाऱ्यानं सगळेच दिवस स्वतःचे करू नयेत. तिनं आम्हाला हेउंदेला नेलं. तिथे मिपोपासून समुद्राच्या काठाकाठानं जुन्या रेल्वेमार्गावर आता एक छोटी गाडी चालते, सगळ्या आसनांची तोंडं समुद्राकडे. काही करायचं नाही, बसायचं. सबंध सहलीतली बायकोची आवडती जागा तीच. माझ्या प्रश्नाशी तिचा काही संबंध नव्हता. असं एखादं असावं.

संध्याकाळच्या गाडीनं परतलो. अठरातली सहा ठिकाणं झाली. घरी आल्यावर अम्मीनं विचारलं, ‘बघितलंस?’ मी फोनवर छायाचित्र दाखवलं, पायऱ्यांवरून काढलेलं, खाली बंदर. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, ‘यात जहाज कुठे उभं राहायचं?’ मी बोट ठेवलं. तिनं त्याच जागी आपलं बोट ठेवलं. मग पेटी उघडून तिनं ते पत्र माझ्या हातात दिलं. म्हणाली, ‘आता हे तुझ्याकडे राहू दे.’

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)